तेलाचा ताप : जुन्या गाडीला ट्रान्समिशन कूलर बसवताना

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहरातून वायव्येला निघणारा वुडवर्ड अव्हेन्यू हा मोटारींच्या इतिहासातला मानाचा रस्ता. १९०९ मध्ये याच रस्त्याच्या एका मैलावर अमेरिकेतला पहिला काँक्रीटचा महामार्ग झाला. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ भरते. फर्नडेल गावातल्या फुटबॉलच्या मैदानासाठी निधी जमवायला सुरू झालेला हा उपक्रम आज हजारो जुन्या गाड्यांची जत्रा झाला आहे. भर उन्हात, फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंतच्या सुमारे २५ किलोमीटरवर, गाड्या गोगलगाईच्या चालीने सरकत राहतात.

अशा रांगेत १९५५ ची एक शेव्हरोले बेल एअर आहे असं समजा. दोन रंगांचं अंग, लखलखतं क्रोम, सगळं जुन्या थाटाचं. बॉनेटखाली मात्र नवा संसार. मूळचं ४.३ लिटरचं, १६२ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन जाऊन तिथे ५.७ लिटरचं, साडेतीनशेच्या घरातल्या अश्वशक्तीचं ‘एलएस’ इंजिन आलं आहे. दोनच गिअरच्या ‘पॉवरग्लाइड’ची जागा चार गिअरच्या ‘४एल६०ई’ने घेतली आहे. तासभर रांगेत काढल्यावरही इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलत नाही. पण गिअर बदलताना गाडी आता रेंगाळते, आणि थांबली की खाली लालसर तेलाचे थेंब पडतात. इंजिन थंड आहे, ताप गिअरबॉक्सला आला आहे. तो मोजणारा काटा या गाडीत नाही.

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणारे लोक रंग, चाकं, सायलेन्सरचा आवाज यांवर जीव टाकतात. गिअरबॉक्सचं तेल गार करणारा ट्रान्समिशन कूलर शेवटी आठवतो, आणि मग जिथे जागा उरली असेल तिथे तो टांगला जातो. खरं तर नव्या गिअरबॉक्सचं आयुष्य बऱ्याच अंशी या ठोकळ्यावर ठरतं. म्हणून त्याचा विचार मुळापासून करू.

उष्णता येते कुठून

पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. कन्व्हर्टरचं तत्त्व हेच, फक्त वाऱ्याऐवजी तेल आणि मोकळ्या खोलीऐवजी मेदूवड्याच्या आकाराचं बंद भांडं. इंजिनाला जोडलेलं चाक तेल भिरकावतं, समोरचं चाक त्या तेलाच्या जोराने फिरतं आणि मधलं तिसरं चाक परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतं. त्यामुळे गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट होऊन चाकांकडे जातो.

या सोयीची किंमत तेल मोजतं. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरत नाहीत, त्यांच्यात फरक राहतो. गॅरेजच्या भाषेत कन्व्हर्टर ‘स्लिप’ होतो. या फरकात जे काम वाया जातं त्याची उष्णता होते, आणि ती थेट तेलात उतरते. हिशेब साधा आहे. सपाट रस्त्यावर गाडीला ३० अश्वशक्ती लागत असेल आणि कन्व्हर्टर त्यातली दहा टक्के खात असेल, तर ३ अश्वशक्ती म्हणजे सुमारे २.२ किलोवॉट उष्णता तेलात जाते. आपल्या न्हाणीघरातला गिझर साधारण २ किलोवॉटचा असतो. म्हणजे गाडी धावते तोवर गिअरबॉक्समध्ये एक गिझर सतत चालू आहे. कन्व्हर्टर धरून या गिअरबॉक्समध्ये दहा लिटरच्या आसपास तेल मावतं. ही सगळी उष्णता तेलातच कोंडून राहिली, तर त्याचं तापमान मिनिटाला सात-आठ अंशांनी चढेल. थोडी धातू शोषून घेतो, थोडी तळाच्या पॅनवरून वाऱ्याला जाते. बाकीची बाहेर काढण्याची सोय आपल्याला करावी लागते.

रखडत्या वाहतुकीत ही सोय सर्वांत तोकडी पडते. गाडी निघते, थांबते, पुन्हा निघते. दर निघण्याला स्लिप सर्वाधिक, आणि समोरून येणारा वारा मात्र नाही. बोरघाटात ट्रकच्या मागे अडकलेल्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीवर हाच प्रसंग येतो. फरक इतकाच की तिचा हिशेब कारखान्यातल्या अभियंत्यांनी आधीच मांडलेला असतो.

मोडलेला हिशेब

१९५५ च्या बेल एअरचाही हिशेब कुणीतरी मांडला होता. इंजिनाची ताकद, गाडीचं वजन, मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर, रेडिएटरचा आकार, जाळीतून शिरणारी हवा, हे सगळं एकमेकांच्या मापाचं होतं. इंजिन बदललं त्या दिवशी तो हिशेब मोडला. अश्वशक्ती दुपटीवर गेली आणि हवा यायची वाट तेवढीच राहिली. त्यातच एसी बसवला असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे येऊन उभा राहिला. हा हिशेब आता गाडीच्या मालकानेच नव्याने मांडायचा आहे. कूलर निवडणं हा त्यातला एक आकडा आहे.

सुरुवात रेडिएटरपासून करावी. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत रेडिएटरच्या टाकीतच एक छोटा कूलर दडलेला असतो, आणि तेल त्यातून फिरून परत येतं. गाडी मुळात हाताने गिअर टाकायची असेल तर तिच्या रेडिएटरमध्ये तो नसतो. बाजारातल्या नव्या अॅल्युमिनियम रेडिएटरमध्ये असतो किंवा नसतो, ते विकत घेण्यापूर्वी पाहावं.

टाकीतल्या कूलरची मर्यादा उघड आहे. भोवतीचं पाणी ९० अंशांच्या आसपास असेल तर तेल त्याखाली जाणार नाही. पण एक गुणही आहे : थंडीत हेच पाणी गार तेलाला लवकर ऊब देतं. मिशिगनच्या हिवाळ्यात ते मोलाचं आहे.

त्याचा धोकाही ओळखून असावं. टाकीतला कूलर आतून फुटला तर रेडिएटरचं पाणी आणि कूलंट तेलात मिसळतात. तेल गुलाबी दुधासारखं दिसू लागतं. आतल्या क्लच प्लेटांवरचं कागदी अस्तर पाणी पितं, डिंक सुटतो आणि गिअरबॉक्स खोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अमेरिकेत कूलरच्या सांध्यांनी एकदा मोठा धडा दिला. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या तेलात पूर्वी स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० च्या दशकात व्हेलच्या रक्षणासाठी त्यावर बंदी आली आणि नवी रसायनं वापरात आली. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या ‘डेक्सरॉन’ तेलाच्या एका आवृत्तीने कूलरचे डाग दिलेले सांधे गंजू लागले, आणि तेलाचा मसाला पुन्हा बदलावा लागला. तेल, धातू आणि सांधा यांचं आपसात जमलं पाहिजे, हा त्यातला बोध. कित्येक दशकं जुन्या रेडिएटरच्या पोटातल्या कूलरवर नव्या गिअरबॉक्सचा जीव टांगू नये.

किती गार पुरे

साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस ही या तेलाची सुखाची पातळी. गॅरेजांत वर्षानुवर्षं चालत आलेला ठोकताळा सांगतो की त्यावर दर अकरा-एक अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. ११५ च्या आसपास तेलातून लाखेसारखा थर धरू लागतो आणि बारीक व्हॉल्व्ह अडकतात. सव्वाशेच्या पुढे रबरी सील कडक होऊन गळू लागतात. दीडशेच्या आसपास क्लच प्लेटा घसरू लागतात, घसरल्याने आणखी तापतात आणि मग नाश फार झपाट्याने होतो.

म्हणून कूलर जितका मोठा तितका चांगला, असं मात्र नाही. अति तिथे माती. तेल सतत ६५-७० अंशांखाली राहिलं तर त्यात शिरलेला दमटपणा उडून जात नाही आणि घट्ट तेलामुळे गिअर आळसावतात. ‘४एल६०ई’सारख्या संगणकाने चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये तेल गार असताना कन्व्हर्टर लॉकही होत नाही. थंड प्रदेशात उपाय म्हणजे थर्मोस्टॅट लावलेला बायपास : तेल ८२ अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो कूलरला वळसा घालून परत पाठवतो.

आधी काटा, मग कूलर

कूलरची खरेदी करण्याआधी तेलाच्या तापमानाचा मीटर बसवावा, असं मी ठामपणे म्हणेन. त्याचा सेन्सर तळाच्या पॅनमध्ये बसवला तर गिअरबॉक्सची खरी, सरासरी प्रकृती कळते. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीत बसवला तर क्षणोक्षणीचे चढउतार दिसतात. चढावर दाबून गाडी काढताना तिथे काटा दीडशेच्या घरात जाऊन लगेच उतरू शकतो. पॅनमध्ये तेवढा आकडा दिसला तर चिंता करावी.

मीटर आणखी एक काम करतो : उष्णता कुठे मुरते आहे ते सांगतो. १९८२ मध्ये आलेला ‘७००आर४’ आणि त्याचा पुढचा अवतार ‘४एल६०ई’ यांच्यात लॉक-अप क्लच आहे. महामार्गावर तो कन्व्हर्टरची दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट जखडतो, स्लिप थांबतं, गिझर बंद पडतो. जुन्या गाडीत असा गिअरबॉक्स बसवताना कधीकधी लॉक-अपची तार जोडायची राहते आणि कन्व्हर्टर जन्मभर मोकळाच फिरतो. ‘७००आर४’मध्ये इंजिनाच्या थ्रॉटलला जोडलेली एक केबल आतल्या तेलाचा दाब ठरवते. ती सैल राहिली तर दाब कमी पडून क्लच जळतात. अशा गाडीला कितीही मोठा कूलर लावा, ती आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरीच होईल. तार आणि केबल आधी तपासावी.

जोरदार इंजिनासाठी कुणी ‘हाय स्टॉल’ कन्व्हर्टर निवडला असेल, तर गोष्ट वेगळी. ३००० फेऱ्यांवर पकडणारा कन्व्हर्टर त्याखालच्या फेऱ्यांवर स्लिप होत राहतो आणि वुडवर्डसारख्या रांगेत सगळं चालणं तिथेच असतं. त्या मालकाने मोठा कूलर आणि पंखा दोन्ही गृहीत धरावेत.

तीन घडणी

बाजारात मुख्यतः तीन घडणींचे कूलर मिळतात.

पहिली, नळी आणि पत्र्यांची. एकच लांब नळी नागमोडी वळवून तिच्यावर पातळ पत्र्या ओवलेल्या असतात. स्वस्त आणि दणकट, पण तेल नळीच्या मधोमध धावतं आणि उष्णता सोडण्यात ती मागे पडते. हलक्या, मूळ इंजिनाच्या गाडीला पुरते.

दुसरी, चपट्या पट्ट्यांची. तेल चपट्या वाटांतून जातं, आत लहान अडथळे असतात, त्यांनी तेल घुसळलं जातं आणि प्रत्येक थेंब धातूला टेकतो. त्याच आकारात ही पहिलीपेक्षा बरंच जास्त काम करते.

तिसरी, थरांवर थर रचलेल्या प्लेटांची. तेल अनेक समांतर वाटांनी वाहतं, त्यामुळे दाब फारसा पडत नाही. गार, घट्ट तेलालाही वाट मिळते आणि तापल्यावर ते सगळ्या थरांत पसरतं. आपल्या बेल एअरला मी हीच निवडेन.

आकारासाठी कंपन्या गाडीच्या एकूण वजनाचा आकडा देतात. दीड टनाच्या आसपासच्या बेल एअरला त्या तक्त्यातला सर्वांत लहान कूलरही पुरेल असं वाटेल. पण तक्त्याला तुमची अश्वशक्ती, कन्व्हर्टर आणि कूलरपर्यंत पोचणारी हवा ठाऊक नसते. रेडिएटरमधला कूलर वगळून बाहेरच्या एकट्यावर भिस्त असेल तर एक-दोन पायऱ्या वरचा घ्यावा. मोठा पॅन बसवल्याने तेल वाढतं आणि तापायला वेळ लागतो, पण बराच वेळ रखडल्यावर तापमान तिथेच पोचतं. पॅन म्हणजे कूलर नव्हे.

हवेची वाट

कूलर कुठे बसतो यावर त्याचं निम्मं काम ठरतं. सर्वांत चांगली जागा रेडिएटरच्या आणि कंडेन्सरच्या पुढे, जिथे ताजी हवा पहिल्यांदा येते आणि इंजिनाचा पंखा ती ओढून घेतो. तिथे बसलेल्या कूलरची उष्णता रेडिएटरच्या माथी जाते, म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. रेडिएटरमध्ये थोडा राखीव दम हवा, आणि पंख्याभोवती आच्छादन हवंच, नाहीतर पंखा आजूबाजूची गरम हवाच पुन्हा ओढतो.

कूलरबरोबर प्लास्टिकच्या काड्या मिळतात. त्या रेडिएटरच्या पत्र्यांतून आरपार घालून कूलर लटकवता येतो. पाच मिनिटांचं काम, पण हादऱ्यांनी कूलर घासत राहतो आणि एक दिवस रेडिएटरची नळी कापतो. त्याऐवजी रेडिएटरच्या चौकटीला पट्ट्यांचे ब्रॅकेट बोल्टने बसवावे आणि कूलर त्यांना रबरी बुश घालून जोडावा. दोहोंत बोटभर फट ठेवावी. नळ्यांची तोंडं वर किंवा आडवी असावीत. खाली ठेवली तर वरच्या भागात हवा अडकते आणि तेवढा कूलर कोरडाच राहतो.

१९५० च्या दशकातल्या गाड्यांच्या नाकात जागा कमी असते. तिथे पंखा जोडलेला कूलर चासीच्या कडेला, तळाशी आडवा बसवता येतो. ८२ अंशांच्या आसपासचा थर्मो-स्विच आणि रिले त्याचा पंखा आपोआप चालू करतात, आणि रांगेत उभ्या गाडीलाही वारा मिळतो. तीन गोष्टी पाळाव्या : सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, चाकांनी उडणाऱ्या दगडांपासून आडोसा, आणि खालून घासणार नाही इतकी उंची.

नळ्यांची जबाबदारी

वाटेत फुटणाऱ्या बहुतेक कूलरांची खरी फूट नळीत असते. इथे कंजुषी परवडत नाही.

मोठ्या इंजिनासाठी साडेनऊ मिलिमीटर म्हणजे ३/८ इंच व्यासाची नळी वापरावी. लांब अंतर पोलादी नळीने जावं आणि शेवटचा हलणारा तुकडाच रबरी असावा. साधी तांब्याची नळी हादऱ्यांनी कडक होऊन तडकते, ती वापरू नये. रबरी होज ट्रान्समिशनच्या तेलासाठीच बनवलेला, ‘एसएई जे१५३२’ दर्जाचा घ्यावा. पेट्रोलचा होज इतका ताप सोसत नाही. पोलादी नळीच्या टोकाला फुगवटा काढून मगच त्यावर होज चढवावा, नुसत्या गुळगुळीत टोकावरून तो निसटतो. फ्लेअर फिटिंगच्या बाबतीत जुन्या गाड्यांचा ४५ अंशांचा उतार आणि ‘एएन’ फिटिंगचा ३७ अंशांचा उतार मिसळू नयेत. ते एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण गळतात.

तेलाचा क्रम असा ठेवावा : गिअरबॉक्समधून आधी रेडिएटरमधल्या कूलरकडे, तिथून बाहेरच्या कूलरकडे, मग परत. आधी पाणी मोठा ताप उतरवतं, नंतर वारा उरलेलं काम करतो.

कुठल्या तोंडातून तेल बाहेर येतं, याची खात्री अंदाजावर करू नये. एक नळी काढून ती आणि ते तोंड दोन्ही बादलीत सोडावं आणि मदतनीसाने काही क्षणच इंजिन चालू करावं. गिअरबॉक्सच्या तोंडातून तेल आलं तर ते जाणारं. परतीचा प्रवाहही असाच मोजता येतो. इंजिन मंद चालत असताना वीस सेकंदांत सुमारे एक लिटर तेल परत आलं पाहिजे. कमी आलं तर कुठेतरी अडथळा आहे.

जुना गिअरबॉक्स जळून नवा बसवत असाल तर जुना कूलर पुन्हा वापरू नये. त्याच्या वाटांत धातूचे कण अडकून राहतात, कितीही धुतला तरी सगळे निघत नाहीत. परतीच्या नळीत चुंबक असलेला फिल्टर बसवला तर पुढचा कचराही अडतो.

शेवटची तपासणी

कूलर आणि नळ्या भरल्या की तेलाची पातळी उतरते. गाडी तापल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून पातळी पाहावी. जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्सला लिव्हर ‘पार्क’मध्ये चालतो. क्रायस्लरच्या जुन्या ‘टॉर्कफ्लाइट’ची पातळी मात्र ‘न्यूट्रल’मध्ये पाहावी. त्यात ‘पार्क’मध्ये तेल कन्व्हर्टरकडे आणि कूलरकडे जातच नाही. म्हणून असा गिअरबॉक्स थंड करायला गाडी ‘पार्क’मध्ये उभी ठेवण्याचा उपयोग नाही.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर प्रत्येक क्लॅम्प पुन्हा आवळावा, नळ्या कुठे घासतात ते हाताने चाचपून पाहावं. मग खरी परीक्षा : दुपारच्या उन्हात, एसी चालू ठेवून अर्धा तास रखडत्या वाहतुकीत. पॅनमधला काटा ९५ च्या अलीकडे स्थिरावला तर हिशेब जमला.

एवढं झालं की एक वही घ्यावी. त्यात कूलरचा प्रकार, नळ्यांचे व्यास, कुठल्या फिटिंगला कुठला उतार, थर्मो-स्विच किती अंशांचा, लॉक-अपची तार कुठून कुठे गेली आणि कुठल्या दिवशी काटा कुठे थांबला, हे लिहून ठेवावं आणि वही गाडीच्या कप्प्यात ठेवावी. कारखान्यातून आलेल्या गाडीला छापील मॅन्युअल असतं. आपल्या हातांनी बदललेल्या गाडीचं मॅन्युअल कुठेच छापलेलं नसतं. भर रस्त्यात तिच्याखाली सरपटत शिरणाऱ्या अनोळखी मेकॅनिकला, किंवा वीस वर्षांनी ती विकत घेणाऱ्या माणसाला, हा हिशेब वाचता आला पाहिजे.